टेकडीचे मुद्दल

सिस्टर समोरच्याचे मनगट धरून बोलायच्या. जय भीम, रामराम, पाणी घेता का, हे सगळे नंतर. आधी दोन बोटे नाडीवर आणि नजर घड्याळावर. आयुष्य दवाखान्यात गेले म्हणून लागलेली सवय, असे लोक कौतुकाने म्हणत. मला तिचे कौतुक कधी वाटले नाही. मी गुरांच्या बाजारातला दलाल. आमच्याकडे सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात, आत बोटे दाबून भाव ठरवतात, आणि भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कोणाला कळत नाही. चेहरा दगडासारखा ठेवायचा, एवढीच त्या धंद्यातली विद्या. ती मी शाळेच्या फीऐवजी शिव्या खाऊन शिकलो. अशा माणसाची नाडी कोणी मोजत बसले तर त्याने पोट कसे भरायचे?

आमची पहिली गाठ अशीच पडली. परदेशातून नुकत्याच परतल्या होत्या, त्यामुळे गाव एकच असून ओळख नव्हती; भावासाठी गाय घ्यायला त्या बाजारात आल्या होत्या. जाड चष्मा, साडीखाली बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ. मी गायीचे वेत सांगितले, दूध सांगितले आणि रुमाल पुढे केला. त्यांनी तो उचलून माझ्याच खांद्यावर टाकला आणि माझे मनगट धरले.

"आता सांग. सकाळचं दूध किती देते?"

"सहा लिटर."

"अन् तुयं नाव काय?"

"गजानन."

"पाह्य. नाव सांगताना नाडी बरोबर चालली. दुधाच्या टायमाले पळाली. चारच देते ना?"

भोवतीचे लोक खो खो हसले. गाय चारच लिटर देत होती. मी ती पडत्या भावात दिली.

प्रमिला खंडारे हे त्यांचे नाव. सुलतानपूरच्या अलीकडे आमचे गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीतल्या. बाप रोजंदारीवर, आई रोजंदारीवर, आणि ही पोरगी अकोल्याला नर्सिंग शिकून थेट कुवेतला गेली. तिकडे अठरा वर्षे नोकरी करून परत आली ती गावातच राहायला. लग्न केले नव्हते. कोणी विचारले तर म्हणायच्या, "रात्रपाळी संपली तवा पाह्यलं, मुहूर्त निघून गेल्ता." सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणायचा. माझी जुन्या वळणाची आईसुद्धा, जिने आयुष्यभर आम्हाला त्या वस्तीतले पाणी पिऊ दिले नाही, शेवटच्या आजारात "सिस्टरले बोलवा" एवढेच म्हणायची. त्या यायच्या, आईचे सगळे करायच्या आणि आमच्या घरचा चहा न घेता जायच्या. एकदा मी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "तुया मायनं मागितला तर पेईन." आईने शेवटी मागितला. तो कप मी स्वतः नेऊन दिला.

आता सोसायटीचे सांगतो, कारण भांडण तिथले आहे.

आमच्या बापांच्या काळात गावातल्या चाळीसेक घरांनी वर्गणी काढून सामुदायिक शेती सोसायटी केली होती. बहुतेक घरे बौद्ध, काही आमच्यासारखी दोन-तीन एकरवाली. पैसे थोडे, म्हणून जमीनही तशीच मिळाली. खाली थोडे सपाट रान आणि वर एक बोडखी टेकडी. टेकडीवर नुसता मुरूम. शेळीसुद्धा तिथून उपाशी उतरायची. गाव सोसायटीला हसत राहिला आणि सोसायटी शेतसारा भरत राहिली.

मग मोठा रस्ता आला. भरावाला मुरूम हवा, खाली टाकायला दगड हवा. ज्या टेकडीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्या पायथ्याशी ठेकेदाराची पांढरी जीप रोज उभी राहू लागली. सरकारची रॉयल्टी ठेकेदाराने वेगळी भरायची होती. पण मुरमाची मालक सोसायटी होती, तिला ब्रासमागे, म्हणजे शंभर घनफुटांमागे, भाव द्यावा लागणार होता. ठेकेदाराच्या माणसाने एक भाव सांगितला आणि आमचे संचालक त्याला हात जोडायला निघाले. तेवढ्यात कोणाला तरी शहाणपण सुचले आणि त्यांनी मला बोलावले.

इथे मी स्वतःची बढाई मारणार आहे, कारण माझ्यासाठी ती दुसऱ्या कोणी कधी मारली नाही. मी आधी मोटारसायकल काढली आणि दुसरा मुरूम कुठे आहे ते पाहून आलो. जवळातली जवळ खाण अकरा किलोमीटर लांब होती. भरलेल्या टिप्परला अकरा किलोमीटर जायला-यायला डिझेल किती लागते ते मला ठाऊक होते. ते डिझेल माझे हत्यार. तीन बैठकांतून मी उठून गेलो. एकदा ठेकेदाराच्या माणसाचा चहा तसाच ठेवून गेलो. शेवटी शाळेच्या ओट्यावर त्याला रुमालाची रीत शिकवली आणि त्याच रुमालाखाली पहिल्या भावाच्या जवळजवळ दुप्पट भाव पक्का केला. आणि त्याच रुमालाखाली ब्रासमागे माझे दोन रुपयेही वेगळे ठरवले. दलाल फुकट उभा राहत नाही.

शाळेच्या पटांगणात सोसायटीची सभा भरली. मी भाव जाहीर केला. टाळ्या पडल्या. सिस्टर तेव्हा सोसायटीच्या सचिव होत्या. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि चारचौघांत माझे मनगट धरले.

"गजानन, हाच पुरा भाव हाय, का रुमालात काही राह्यलं?"

मी मनगट सोडवायला पाहिले.

"सांगतो का मोजू?"

हशा पिकला आणि माझे डोके फिरले. "हाव, ठेवले!" मी ओरडलो. "ब्रासमागं दोन रुपये ठेवले मायासाठी. तुमच्या सगळ्याइच्या तोंडात जीभ असती तर मले बोलावलं असतं काय? फुकटात भांडू मी?"

"फुकटात काऊन भांडतो बाप्पा?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मेहनत केली, मेहनताना घे. पण उघड्यावर घे. सभेत आकडा सांग, सभा हो म्हणीन, खिशात टाक. झाकून घेतला का त्याचं नाव बदलते."

सभेने माझा मेहनताना ठरवला. मी झाकून ठेवला होता त्याच्या निम्म्याहून कमी. उरलेले सोसायटीच्या भावात मिळवले. तो राग अजून माझ्या छातीत आहे, आणि तो मी लपवत नाही.

टेकडी उतरू लागली, सोसायटीच्या खात्यात पैसे चढू लागले, आणि साहजिकच सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: वाटप. प्रत्येक घराला एक मोटारसायकल आणि वर एका लग्नाचा खर्च निघेल एवढी रक्कम होती. सभा बोलावली. सिस्टर म्हणाल्या, वाटायचे नाही. मुद्दल ठेवायचे, फक्त त्याची वाढ खायची. लोक चवताळले. त्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"कुवेतात राहून डोकं फिरलं तुमचं," मी म्हणालो.

"कुवेतातच ठिकाणावर आलं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्याच शब्दांत देतो.

"मायाकडे एक पेशंट होता. शुगरनं पाय सडला होता. रोज पाऊण तास ड्रेसिंग. दुखू नये म्हून मी त्याले बोलतं ठेवो. जुना माणूस, मुंबईच्या व्यापाऱ्याइसंगं वाढलेला, हिंदी चांगली बोले. त्याची सारी नोकरी त्याइच्या सरकारच्या फंडात गेल्ती. मी इचारलं, बाबा, तेल तुमच्या जमिनीतून निघते, मंग पैसा वाटून काऊन घेत नाही? तो म्हणे, सिस्टर, तेल मायं नाही. ते निघालं तवा मी जिता होतो, एवढंच. माया नातवाच्या नातवाचंबी ते तेवढंच हाय. म्हून तेल इकलं का त्यातला हिस्सा बाजूले काढतात. त्या पैशातून देशोदेशीच्या कंपन्याइचे शेअर घेतात, रोखे घेतात, इमारती घेतात. उद्या विहीर आटली तरी तो पैसा कमावत राह्यते."

किसनबाप्पा हे सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद. ते काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, "अन् ज्याच्या घरी तेल नाही, त्यानं काय करावं, बाई?"

"सिंगापुरात कुठं तेल हाय, बाप्पा? तिथलं सरकार कमावते त्याच्यापेक्षा कमी खर्चते, अन् उरलं ते लावते. कोणता देश जगाले माल इकून डॉलर जमा करते, ते लावते. कोणी सरकारी कंपनी इकते, तो पैसा ठेवते. कुठूनबी येऊ द्या. पण एक समजून घ्या. टेकडीचा पैसा मजुरी नाही. मजुरी उद्या पुन्हा भेटते. टेकडी एकदाच इकता येते."

मी म्हणालो, "सरकारचा फंड म्हणजे पुढाऱ्याचा खिसा."

मला वाटले, आता बाई अडकली. पण त्या माझ्या बाजूने बोलल्या. "हाव, तसंबी झालं. एका देशात वरच्या लोकाइनं फंडच खाऊन टाकला. अन् समुद्रात एक बेट हाय, त्याइच्या जमिनीत खताचा दगड होता. उकरला, इकला, लोक मालामाल झाले. विमानं घेतली, परदेशात हॉटेलं घेतली, सांभाळाले कोणी नाही. आता दगडबी नाही अन् पैसाबी नाही. फंड असला म्हून चोर मरत नाही, गजानन. आत काय लावलं, किती काढलं, हे साऱ्याइले दिसलं पाह्यजे, अन् काढाचा नियम पैसा याच्या आधी झाला पाह्यजे. नॉर्वेवाले सारं जाहीर करतात. अन् मुद्दलाले हात नाही. जेवढं वाढीन अशी आशा हाय, तेवढंच काढतात. सलाईन लावली का आपण बाटली तोंडाले लावतो काय? थेंब मोजतो."

मग मी दुसरा डाव टाकला. मुद्दल ठेवायचेच तर कामाला लावा, म्हणालो. सोसायटीने जेसीबी घ्यावा आणि भाड्याने चालवावा. माझ्याकडे एक जुना जेसीबी विकायला काढलेला होता. ते मी बोललो नाही.

"मुरूम इकून आलेला पैसा मुरूम खोदाच्या मशीनीत?" सिस्टर म्हणाल्या. "टेकडी संपली का मशीन बसली. तेलवाले तेलाचा पैसा तेलात नाही लावत, अन् बहुतेक करून आपल्या देशातबी नाही लावत. बाहेर लावतात. घरात एकदम पैसा ओतला का मजुरी चढते, जमीन चढते, बैल महागते, अन् एकटा गजानन खुश होते. बरं, जेसीबी कोणाचा घ्याचा म्हणतो? आण हात."

मी हात मागे घेतला. सभा हसून लोळली.

तरीही वाटपाचाच जोर होता. तेव्हा सिस्टरांनी सभाच उठवली. म्हणाल्या, पुढची चर्चा टेकडीवर. सगळे निघालो, बायाबापड्या, किसनबाप्पाला बैलगाडीत घालून. वर गेलो तर टेकडी कुठे होती? अर्धी गेलेली. जिथे आमच्या बापांनी सोसायटीचा फलक लावताना उभे राहून फोटो काढून घेतला होता, तिथे आता तळ्याएवढा खड्डा होता आणि खाली खोदायचे पोकलेन यंत्र खेळण्याएवढे दिसत होते. किसनबाप्पा काठी टेकत गाडीतून उतरले. मग म्हणाले, "मी वर्गणीसाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या होत्या. मोटारसायकलसाठी नव्हत्या मोडल्या बे."

तिथेच, खड्ड्याच्या काठावर, हात वर झाले. मीसुद्धा केला. रागारागात केला, पण केला.

वकिलाला विचारून कायद्यात बसेल तसे सगळे केले. मोठा भाग सरकारी रोख्यांत आणि गावाबाहेरच्या बँकेत लांब मुदतीने. एक लहान भाग वाईट वर्षासाठी वेगळा. वर्षाची वाढ कशावर खर्चायची ते सभेत ठरणार आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवले जाणार. मोठ्या भागाला हात लावायचा असेल तर सगळ्या सभासदांचे हात वर हवेत. एक हात खाली राहिला तरी विषय संपला. वाढीच्या पैशातून सपाट रानात पाइपलाइन झाली. वस्तीतली एक आणि आमच्या गल्लीतली एक, अशा दोन पोरी नर्सिंगला गेल्या. ज्या वर्षी पावसाने सोयाबीन शेंगेतच उगवले, त्या वर्षी लहान भागातून सगळ्यांना बियाणे मिळाले. ज्यांनी सिस्टरांना शिव्या दिल्या होत्या, त्यांनी पहिल्या नंबरला रांग लावली. त्यांत मी होतो.

सिस्टरांची किडनी बिघडली तेव्हा त्यांना मेहकरला तपासणीला माझ्या गाडीतून नेणे सुरू झाले. कोणी सांगितले नव्हते. गाडी माझी होती आणि मला तिकडे काम असायचेच. नसले तर काढायचो. वाटेत मोठा रस्ता दिसायचा, आमच्याच टेकडीच्या मुरमावर अंथरलेला. एकदा त्या म्हणाल्या, "असे रस्ते दूरदूरच्या देशाइचे फंड इकत घेतात, माहीत हाय? उद्या याचाबी टोल कोण्या देशाच्या न जन्मलेल्या लेकरासाठी जाईन. चांगलं हाय. पण मंग आपल्या न जन्मलेल्या लेकराचं कोणी पाहाचं?"

मी ती संधी साधून माझे गाऱ्हाणे काढले. "सिस्टर, भिंतीवर सारं लिहिता. भाव दुप्पट मी केला, हे काऊन लिहित नाही?"

"मेहनताना घेतला ना?"

"घेतला."

"मंग? शर्ट चांगला शिवला म्हून शिंप्याचं नाव कोणी पाठीवर लिहून फिरते काय?"

मी पुढे मेहकरपर्यंत बोललो नाही. त्यांना त्याचे काहीच वाटले नाही. त्या झोपल्या.

मागच्या वर्षी त्या गेल्या. अंत्ययात्रेला एवढी माणसे की शेवटचा माणूस वस्तीत होता तेव्हा पहिला नदीवर पोचला होता. मी मधे कुठेतरी चालत होतो.

आणि तीन महिन्यांत तालुक्याचे एक पुढारी गावात आले. गोड माणूस. त्यांनी वाटपाचा विषय नाही काढला, गावाच्या वेशीवर कमान बांधायचाही नाही काढला. ते म्हणाले, प्रमिलाताईंच्या नावाने स्मृती सभागृह बांधू. संगमरवरी फरशी, दारात ताईंचा अर्धपुतळा. निम्मे पैसे मी आणतो, निम्मे सोसायटीने मुद्दलातून द्यावेत. लोकांचे डोळे भरून आले. कोण नाही म्हणणार? ज्यांना सिस्टरांनी सुया टोचल्या, ज्यांची बाळंतपणे केली, ज्यांची पोरे शिकवली, ते सगळे त्यांच्या नावाला नाही कसे म्हणतील? त्या पुढाऱ्याने माझ्यापेक्षा चांगला सौदा बांधला होता. हे मी दलाल म्हणून सांगतो.

सभेत ठराव वाचला. हात वर झाले. मोजणारा माझ्यापाशी येऊन थांबला.

"गजाननभाऊ, हात."

"नाही."

सगळे वळून पाहू लागले. पुढारी हसले. "भाऊ, ताईंवर तुमचा जुना राग आहे, हे मला ठाऊक आहे. पण माणूस गेल्यावर तरी..."

"हाव, राग हाय," मी म्हणालो. "म्हूनच तुम्ही मले फसवू शकत नाही. हे सारे रडून राह्यले. मी रडत नाही. इथं बसलेल्यापैकी या पैशाचा मालक कोणी नाही. मालक अजून जन्मले नाहीत, म्हून ते सभेले आले नाहीत. त्याइनं निरोप धाडला तर मी हात वर करतो."

सिस्टरांचा भाऊ भीमराव उठला. ज्याच्यासाठी ती गाय घेतली होती, तोच. "माया बहिणीचं नाव लागू देत नाही तू? तिनं तुया मायचं गू-मूत काढलं, गजानन."

मी खाली बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. ठराव पडला. लोक माझ्या अंगावरून उठून गेले. एक बाई दारात थुंकली.

सभागृह झाले नाही. भीमराव माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. गावात म्हणतात, गजाननने मेलेल्या बाईवर सूड उगवला. म्हणू द्या. मी कोणाला समजावायला जात नाही. पुढारी जाताना म्हणाले, पुढच्या वर्षी ठराव पुन्हा आणू. आणा म्हणावे. दरवर्षी आणा. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, रोज चार किलोमीटर चालतो, आणि हात खाली ठेवायला मला कोणाची परवानगी लागत नाही.